32 घट्ट, 34 ढिल्ली : वाचक विचारतात, ताई सांगते

या महिन्यात पत्रांत अन् व्हॉट्सॲपवर पँटीचेच प्रश्न जास्त, ब्लाउजचे गळे अन् परकराचे घेर सगळे मागं पडले. लग्नाचा सीझन जवळ आला त्याचा परिणाम असेल. ते काही असो, हा अंक पँटीचा. तालुक्याच्या गावी माझं शिलाईचं दुकान आहे, जेन्ट्स-लेडीज दोन्ही, तेव्हा खाली जे सांगते ते मशीनवर बसून पाहिलेलं आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. माझी कंबर 33. फॉर्मल पँट 32 ची घेतली की जेवल्यावर हुक काढून बसा लागते अन् 34 ची घेतली तर बेल्ट आवळला की मागून सगळी चुण्या-चुण्या होते, शर्ट इन केला की आणखीच वाईट दिसते. यवतमाळले जाऊन आलो, दुकानदार म्हणते 33 येतच नाही, अन् त्याच्याकडचा पोऱ्या म्हणते सर थोडं वजन कमी करा. आता दोन इंचाच्या मधात सापडलेल्या माणसानं करावं काय?
– एक शिक्षक, ता. दारव्हा

उत्तर : सर, पहिले तर त्या पोऱ्याचं मनावर घेऊ नका, 33 कंबर हा काही आजार नाही. अन् 33 येतच नाही हेही पूर्ण खरं नाही, जीन्समध्ये काही कंपन्या 31, 33 काढतात. पण फॉर्मलमध्ये बहुतेक सगळे 30, 32, 34, 36 असे दोन-दोननं जातात, कारण प्रत्येक रंगात प्रत्येक नंबर भरून ठेवायचा म्हटलं तर दुकानदाराचा पैसा अडकते, अन् आपल्याकडच्या दुकानात तेवढी जागा तरी कुठं असते.

आता मला सांगा, 33 हे माप तुम्ही कुठं घेतलं? बेंबीवर घेतलं तर वेगळं येते, बेंबीच्या खाली जिथं तुमची पँट खरंच बसते तिथं घेतलं तर वेगळं येते. टेप घ्या, बनियन वर करा, पोट आत ओढू नका (सगळे ओढतात, मास्तर लोक जरा जास्तच), टेपच्या आत एक बोट जाईल इतकी सैल धरा अन् एकदा उभ्यानं, एकदा खुर्चीवर बसून मोजा. बसल्यावर कंबर इंचभर तरी वाढतेच, कोणाची जास्तही वाढते, तुमचा जेवल्यावरचा हुक तिथंच अडते. दुकानात आपण उभ्यानं पँट घालून पाहतो, आरशात वळून मागून पाहतो अन् झालं, बसून कोणी पाहतच नाही.

मग दुसरं माप सीटचं, बुडाचा सगळ्यात भरलेला भाग असते तिथून गोल. तिसरं मांडीचं, अगदी वरून. ही दोन मापं रेडिमेड घेताना कोणी काढत नाही अन् सगळी गडबड इथंच असते. 32 वरून 34 वर गेलं की नुसती कंबर दोन इंच वाढत नाही, सीटही जवळपास तेवढीच वाढते, मांडीही वाढते, पायही रुंद होते. म्हणून कंबर जुळवायला मोठा नंबर घेतला की खालचं सगळं फडफडते.

माझं म्हणणं एवढंच आहे, अन् पुढच्या सगळ्या उत्तरांतही हेच येणार आहे : जे टेलर बदलू शकत नाही ते पाहून पँट घ्या, जे बदलू शकते ते त्याच्यावर सोडा. कंबर बदलते. लांबी बदलते. मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, तीही बदलते. सीट अन् मांडी आवळून देता येते पण कापडच नसलं तर वाढवून देता येत नाही. अन् आसन, म्हणजे पँटीच्याच कमरेच्या पट्ट्यापासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग, तो तर शिवून आलेल्या पँटीत जवळजवळ हलतच नाही. आसन आखूड असलं तर पँट खाली ओढत राहते अन् माणूस दिवसभर वर ओढत राहते.

तुमच्या बाबतीत असं करा. 32 ची घाला, हुक लागो न लागो, आधी साइडचे खिसे पाहा. खिशाची तोंडं उघडी पडली असतील, समोर चेनच्या दोन्ही बाजूला आडव्या ओढलेल्या रेषा दिसत असतील तर सीटच घट्ट आहे, 32 चा नाद सोडा. 34 घ्या अन् कंबर मागून इंचभर आत घेऊन द्यायला सांगा. एक-दीड इंचापर्यंत काही कळत नाही. दोनच्या वर घ्यायला लावलं की मागचे खिसे एकमेकांजवळ सरकतात, पँट मागून चिमटल्यासारखी दिसते, मग तो नंबरच चुकला समजा. बेल्टनंही इंचभरच लपते, बेल्टच्या दोन भोकांत साधारण तेवढंच अंतर असते, त्याच्या पुढं आवळलं की तुमच्या त्या चुण्या.

पण 32 ची सीट-मांडी चांगली बसली अन् नुसती कंबरच टोचते, तर 32 च घ्या, मात्र घेण्याआधी पँट उलटी करून मागच्या मधल्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, किती ठेवली आहे ते पाहा. चांगल्या फॉर्मल पँटीला पट्टा मागं मधातून जोडलेला असते अन् शिवणीच्या दोन्ही बाजूला जास्तीचं कापड दुमडलेलं असते. दोन्हीकडं इंच-इंच असलं तर कंबर आरामात इंचभर, कधी दीड इंच सोडता येते. स्वस्तातल्या पँटीत तिथं अर्धा इंच ओव्हरलॉक मारून संपवलेलं असते, त्यातून काहीच निघत नाही. दुकानदाराला पँट उलटी केलेली आवडत नाही, तरी करा. सोडायचीच असेल तर नवी असतानाच सोडून घ्या, वर्षभर वापरल्यावर सोडली की जुन्या शिवणीची रेघ दिसते, रंग आत गडद अन् बाहेर उडालेला.

अन् ट्रायल रूममध्ये, म्हणजे आपल्याकडं पडद्यामागं, पंगतीत बसतो तशी मांडी घालून बसून पाहा. उकिडवं बसा. मग उठा. यात जी पँट पास झाली ती गाडीवर, वर्गात, लग्नात सगळीकडं चालते.

एक राहिलंच. तुमच्या घरी पेटीत आहेराचे पँटपीस असतीलच, विदर्भात असं घर दाखवा जिथं नाहीत. 58 इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड तुमच्या मापाला पुरते. कापडाचे पैसे नाही, नुसती शिलाई, अन् कंबर 33 म्हणजे 33. टेरिकॉट असलं तर आकसायचीही भीती नाही. मधला नंबर शोधत यवतमाळ-अमरावती फिरण्यापेक्षा हे स्वस्त पडते, माझं दुकान आहे म्हणून सांगत नाही, तुमच्या गावच्या टेलरकडं टाका.

प्रश्न : ताई, मी पुसदकडचा. मोबाइलवरून जीन्स मागवतो. एका कंपनीची 32 मले मस्त बसते, तोच नंबर दुसऱ्या कंपनीचा मागवला तर मांडीतच अडकला, तिसऱ्याचा एवढा ढिल्ला की विचारू नका. वापस करावं म्हणलं तर पिकअपवाला आमच्या गावात येत नाही, तालुक्याले जाऊन पार्सल द्या लागते, त्यात अर्धा दिवस जाते. 32 म्हणजे 32 काऊन नसते?
– एक तरुण शेतकरी

उत्तर : भाऊ, टॅगवरचा 32 हा टेपवरचा 32 नसते. 34 लिहिलेली पँट पसरवून कंबर मोजा, कधी 35 भरते, कधी 36. एक कारण म्हणजे गिऱ्हाईकाला लहान नंबर बसला की बरं वाटते, म्हणून कंपन्या नंबर थोडा उदार ठेवतात. दुसरं कारण असं की आजकाल पँट कंबरेच्या खाली बसते, तिथं अंग रुंद असते, म्हणून पट्टा मुद्दाम मोठा कापलेला असते. अन् मूळ घोळ हा की आपल्याकडचे चार्ट बाहेरच्या, यूके-यूएसच्या मापांवरून आलेले. भारताच्या अंगाचा आपला चार्ट असावा म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं इंडियासाईज नावाचं काम हाती घेतलं, सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25 हजारांवर लोकांची थ्रीडी स्कॅनरनं मापं घ्यायची अशी ती योजना. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू, शिलाँग. आता यात पुसद-दिग्रसचा माणूस कुठं बसते ते तुम्हीच पाहा.

गंमत अशी की आपल्या यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत डेनिम विणली जाते, कापूस आपला, कापड आपल्या जिल्ह्यात बनते, अन् पँटीचा नंबर कोणाच्या अंगावरचा ते माहीत नाही.

तोवर उपाय. तुमच्याकडं जी जीन्स मस्त बसते म्हणता ना, तिला धुवून, वाळवून, तख्तावर नाही तर फरशीवर सपाट पसरवा. बटण लावून पट्ट्याची रुंदी मोजा अन् दुप्पट करा, ही कंबर. मग दोन पायांच्या जोडापासून बोटभर खाली मांडीची रुंदी. मग जोडापासून समोरून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत, हे पुढचं आसन. मग आतल्या शिवणीनं लांबी अन् शेवटी मोहरी. एवढे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मागवताना साइज चार्ट उघडला की पहिले हे पाहा की तो चार्ट अंगाचा आहे का कपड्याचा, दोन्ही असतात अन् दोन्हींत फरक असते. कपड्याचा असला तर तुमच्या आकड्यांशी जुळवा, नंबर कोणताही निघो. कपड्याचं माप दिलंच नसलं तर तिथून मागवू नका, सरळ गोष्ट आहे, पिकअप येत नाही त्या गावात अंदाजानं खरेदी परवडत नाही.

आणखी एक, कापडात काय आहे ते वाचा. दोन टक्के इलास्टेन म्हणजे लायक्रा असली तर घट्टवाली जीन्सही बसता-उठता ताणते, शंभर टक्के कॉटन असली तर ताणत नाही. लायक्रावाली मस्त बसली म्हणून त्याच मापाची पूर्ण कॉटनची मागवली की मांडीत अडकणारच, तुमचं बहुतेक हेच झालं असेल.

जीन्सची कंबर कमी करून मिळते, पण फॉर्मलसारखी नाही. पट्टा अखंड असते, मागचा लूप उसवून पट्टा कापावा लागते, डबल शिवण खोलावी लागते, त्याला 16 नाही तर 18 नंबरची सुई अन् जाड दोरा लागते, घरगुती मशीन लूपच्या जाडीवर अडते. ज्याच्याकडं जीन्सचं काम होते त्याच्याकडंच द्या. वाढवून मात्र मिळत नाही, आत माया नसतेच. म्हणून जीन्समध्ये दोन नंबरांच्या मधात असाल अन् कापड ताणत नसेल तर मोठाच घ्या. तसंही जीन्स मुळात ढिल्लीच असायची, 1873 मध्ये जेकब डेव्हिस नावाच्या टेलरनं लेव्ही स्ट्राउससोबत रिबीटचं, म्हणजे शिवणीवर ठोकायच्या धातूच्या टिकलीचं, पेटंट घेतलं तेव्हा ती मजुराची पँट होती, मागं एक बक्कलवाली पट्टी असायची, ती ओढायची अन् कंबर जमवायची. बेल्टचे लूप तर लेव्हीच्या पँटीवर 1922 मध्ये आले. ती मागची पट्टी काढली नसती तर आज माझं अर्धं अल्ट्रेशनचं काम बंद असतं.

प्रश्न : ताई, मी फायनान्स कंपनीत फिल्डवर आहे, बचतगटांच्या मीटिंगा घ्यायला स्कूटीवर गावोगाव फिरते. ड्रेसकोड फॉर्मल पँट-शर्ट आहे. माझी कंबर 28 अन् सीट 39. सीटला बसणारी पँट घेतली की मागून कंबरेत हात जाईल एवढी फट राहते, पुढं वाकलं की शर्ट बाहेर. कंबरेची घेतली तर वरच चढत नाही. घरचे म्हणतात जेन्ट्सची घे, मजबूत असते.
– एक वाचक, आर्वी परिसर

उत्तर : ताई, जेन्ट्सची बिलकुल घेऊ नका. पुरुषांच्या पँटीत कंबर अन् सीटमधला फरक कमी धरलेला असते, तुमच्यात तो 11 इंच आहे, तुमची फट आणखी वाढेल. तुम्ही सीटच्या मापानं घ्या, पट्टा कंबरेच्या बारीक भागावर येईल अशी उंच कमरेची पाहा, लो वेस्ट नको, अन् कापडात थोडी लायक्रा असली तर उत्तम.

मग टेलरकडं जाऊन नुसतं कंबर कमी करा असं म्हणू नका. असं म्हणा की मागून पट्ट्यासकट दोन डार्ट, म्हणजे आतून निमुळत्या शिवलेल्या चुण्या, मारा, मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूला एक-एक. सगळं मधल्या शिवणीतूनच ओढलं तर मागं टोक निघते, दोन डार्टमध्ये वाटून घेतलं की पँट पाठीच्या बाकाला धरून बसते. दोन इंचापर्यंत यात सहज जाते. फट त्याहून मोठी असेल तर पट्टा पूर्ण काढून गोलाईत कापून परत लावावा लागते, काम जास्त आहे पण होते. पूर्ण कंबरेला इलॅस्टिक टाकू नका, फॉर्मलमध्ये ते नेफा घातल्यासारखं दिसते, टाकायचंच तर फक्त मागच्या भागात, बेल्टच्या आड.

शर्ट बाहेर येण्याचं मोठं कारण मागचं आसन आखूड हे असते. दुकानात पँट घालून स्टुलावर बसा, स्कूटीचं हँडल धरल्यासारखे हात पुढं करा अन् कोणाला तरी मागून पाहायला लावा. मागून पट्टा खाली उतरत असेल तर ती पँट ठेवून या, त्याला माझ्याकडंही इलाज नाही. साइडचे खिसे फुगत असतील तर तेवढे शिवून टाका, पैसे तसेही बॅगेत ठेवता. अन् उन्हाळ्यात, आपल्या 45 डिग्रीत, पॉलिस्टर जास्त असलेली घट्ट पँट घालून स्कूटी चालवू नका, मांड्या सोलून निघतात, कॉटन मिक्स घ्या.

तुमची एक पँट जमली की तोच नमुना टेलरकडं ठेवून त्यावरून दोन-तीन शिवून घ्या. लेडीज पँट म्हटलं की काही टेलर नाही म्हणतात, म्हणू द्या, दुसरा शोधा.

प्रश्न : ताई, आमच्या घरच्यांचं पोट सुटलं अन् पाय काड्या. 40 नंबरची पँट घेतली की पोटाखाली बसते पण खाली दोन माणसं मावतील. त्यात सोयाबीन-कापसाच्या हंगामात कंबर उतरते, लग्नाच्या पंगती जेवून उन्हाळ्यात परत येते. पोरीचं लग्न आहे, एकदा तरी नीट दिसावे.
– एक गृहिणी, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : बाई, यांच्यासाठी रेडिमेड विसरा, शिवूनच घ्या. 40 नंबर कापणाऱ्यानं सीटही तशीच धरलेली असते, तुमच्या मालकांची सीट त्या मानानं लहान असेल, मग पायात झोळ राहणारच.

मात्र टेलरकडं त्यांनाच पाठवा, जुनी पँट पाठवून यावरून शिवा असं करू नका. अन् पट्टा पोटावर घ्यायचा का पोटाखाली हे आधी ठरवू द्या, कारण माप त्याच्यावर आहे. पोटाखाली घालणाऱ्याचा पट्टा पुढून थोडा खाली अन् मागून वर कापावा लागते, सरळ कापला की पुढून गोळा होते अन् मागून उघडं पडते. पुढं एक-एक प्लेट, म्हणजे चुणी, टाकायला सांगा, पोरं म्हणतील जुनी फॅशन, म्हणू द्या, मांडवात खाली बसताना प्लेट उघडते अन् पोटाला जागा मिळते. पाय मात्र सरळ खाली बारीक करत आणायचा.

हंगामाचं म्हणाल तर मागच्या शिवणीत दोन्हीकडं इंच-सव्वा इंच माया ठेवायला सांगा, कापड कापायच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. हुकही दोन लावून घेता येतात, अर्ध्या इंचाच्या अंतरानं. अन् माप लग्नाच्या अगदी जवळ द्या, दिवाळीत दिलेलं माप मे महिन्यात कामाचं नाही.

प्रश्न : नवी जीन्स पहिल्या धुण्यात आखूड अन् घट्ट झाली. आता?
– एक कॉलेजकुमार, चिखली

उत्तर : कॉटन आकसते, लांबीत जास्त. गिरणीतच आधी आकसून घ्यायची सॅन्फोराइज्ड पद्धत 1930 च्या आसपास अमेरिकेत निघाली, तरी थोडं आकसणं राहतेच. कंबर घट्ट वाटत असेल तर पट्टा ओलसर करून घाला अन् तासभर घरात चाला-बसा, थोडी सैल होते. लांबी नाही येत. यापुढं जीन्स आणली की आधी थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, मग मोहरी कापायला आणा. नवीकोरी आणून लगेच कापून द्या म्हणणारी पोरं माझ्याकडं रोज येतात, अन् महिन्यानं घोटा दाखवत परत येतात.

प्रश्न : मुलगा सहावीत जाणार. शाळेची पँट 26 होत नाही, 28 उतरते. वाढत्या अंगाचं घ्यावं का?
– एक पालक, वरूड

उत्तर : 28 च घ्या. पट्ट्याच्या आतून भोकांचं इलॅस्टिक अन् दोन बाजूला बटणं लावून घ्या, अंग भरलं की एक-एक भोक सोडत जायचं. पायाला दोन-तीन इंच आत दुमडून हातशिलाई मारा, मशीनची टीप नको, उसवली की छिद्रं दिसतात. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडतात अन् सगळं गाव त्याच आठवड्यात टेलरकडं येते, तेव्हा मे महिन्यातच टाकून या, नाही तर पहिल्या दिवशी पोरगा जुन्याच पँटवर जाईल.